प्रतीक्षेचाही इतिहास लिहावा

१ फेब्रुवारी २००८. ‘आयर्न मेडन’च्या विश्वदौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात झाला. इतकी नोंद कुठेही सापडते. तिच्याआधीची प्रतीक्षा मात्र सापडत नाही.

नाशिक रोडहून मुंबई रेल्वेने सुमारे चार तासांवर. पण १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेला हा मेटल बँड मुंबईच्या मंचावर यायला ३३ वर्षे लागली. तोवर चाहत्यांजवळ होत्या त्या कॅसेट आणि सीडी. अशा चाहत्याचा पहिला कार्यक्रम मैदानात नव्हे, पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहताना फलाटावरच सुरू होतो.

वारीचा इतिहास केवळ दर्शनक्षणाचा लिहिला जात नाही; मग मैफलींचाच का लिहावा? घासलेल्या कॅसेट, जपलेली तिकिटे ही त्याची साधने. ती रद्दीत जाण्यापूर्वी नोंदवायला हवीत.