सावित्रीच्या खोऱ्यातील प्रश्नमंजुषा

टाळेबंदीच्या 2020 सालात शाळांची दारे बंद झाली, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी गूगल फॉर्मच्या साहाय्याने प्रश्नमंजुषा रचून त्या व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोहोचविल्या, आणि ज्या हातांतून एरवी चित्रफिती व शुभेच्छापत्रेच फिरत असत त्या हातांतून काही काळ तरी प्रश्न फिरू लागले. बहुतेकांनी हे काम स्वयंस्फूर्तीने केले, म्हणून त्याविषयी मनात आदरच आहे. परंतु त्या वेळी या प्रश्नमंजुषांना जे वळण लागले ते अद्याप सुटलेले नाही: वीस-पंचवीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय, ठरावीक गुण मिळताच ई-मेलने येणारे रंगीत प्रमाणपत्र, आणि प्रश्न बहुधा ‘केव्हा’, ‘कोणी’, ‘कोठे’ यांच्या पलीकडे न जाणारे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील मुलांच्या हाती आज मोबाइल आहे, त्यावर जगभरचे प्रश्नांचे खेळ आहेत, आणि तरीही सावित्री नदीच्या ज्या खोऱ्यात ती वाढतात त्या खोऱ्याविषयी त्यांना विचार करावयास लावणारा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, ही उणीव मला फार खटकते.

प्रश्नोत्तरांच्या खेळाला मी हलका मानीत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, एकच उतारा पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरले, तथापि आठवड्यानंतर मात्र ज्यांनी तो उतारा आठवून लिहून पाहिला होता तेच पुढे गेले. स्मरणाला ताण दिल्याने ज्ञान टिकते, एवढे त्यावरून मानावयास हरकत नाही.

आणि आपल्या मुलखाला हा खेळ परकाही नाही. गणपतीच्या दिवसांत गावोगाव रंगणाऱ्या जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात, गण-गवळण आटोपली की एका पक्षाचा शाहीर प्रकृतिपुरुषांच्या नात्यावर किंवा एखाद्या पुराणातील आडवळणाच्या प्रसंगावर सवाल टाकतो, आणि दुसऱ्या पक्षाने त्याचा जबाब त्याच चालीत, जमलेल्या मंडळींच्या साक्षीने द्यावयाचा असतो. मुंबईत नोकरीला असलेला चाकरमानी याच सवाल-जबाबांसाठी रात्र जागवतो. तेथे चार पर्याय नसतात. उत्तर घडवावे लागते, आणि ते तोकडे पडले तर ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. गाण्याची ही परंपरा ज्यांच्या घरात आहे त्यांना प्रश्न कसा विचारावा हे परदेशातून शिकावे लागू नये.

चवदार तळ्याचेच पाहा. ‘चवदार तळ्याचा सत्याग्रह केव्हा झाला?’ या प्रश्नाचे 20 मार्च 1927 हे उत्तर मूल क्षणात टिचकी मारून देते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. पण तोच प्रश्न असा विचारला, की तळे तर नगरपालिकेने ठराव करून आधीच सर्वांना खुले केले होते, मग सत्याग्रहाची वेळ का यावी, तर त्या मुलाला थांबावे लागेल. 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडलेला आणि संमत झालेला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव, त्यानुसार महाड नगरपालिकेने 1924 साली केलेला ठराव, आणि तो ठराव दप्तरात राहून तळ्यावर मात्र अस्पृश्यांना पाणी नाकारण्याचा जुनाच रिवाज चालू राहिला ही वस्तुस्थिती, हे सारे त्याला एकापुढे एक लावून पाहावे लागेल. त्याहून मोठा भाग तर पुढेच आहे. डिसेंबर 1927 मध्ये सवर्णांनी लावलेल्या दिवाणी दाव्यात मनाईहुकूम निघाला. त्यामुळे त्या महिन्यात महाडला भरलेली सत्याग्रह परिषद तळ्यावर गेली नाही, तथापि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. आणि दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी दिला, तेव्हा वादींना आपली अनादी कालापासूनची वहिवाट शाबीत करता आली नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी ठरविले. 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. ठराव, मनाईहुकूम, दावा, अपील, निकाल अशी ही कागदपत्रे उलटसुलट क्रमाने पडद्यावर ठेवून ती मुलाकडून लावून घेणारे एक साधे संकेतस्थळ तयार झाले, तर दहा वर्षांची ती कायदेशीर झुंज त्याला जन्मभर पुरेल.

दुसरे उदाहरण नदीचे. 22 जुलै 2021 रोजी महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, ते का शिरले, आणि इतका वेळ का राहिले? हा प्रश्न घेऊन मुलाला गूगल अर्थच्या नकाशावर बसवावे. दर्शक जेथे न्यावा तेथील उंची पडद्याच्या तळाशी दिसते. सावित्रीच्या उगमाशी, क्षेत्र महाबळेश्वरी, ती तेराशे मीटरांच्या आसपास भरते. तेथून सरळ रेषेत तीसएक किलोमीटरवर असलेल्या महाडपाशी ती समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर उरते. आणि महाडपासून बाणकोटच्या खाडीच्या मुखापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर नदीला जवळजवळ उतारच नाही. पोलादपूरपर्यंत धावत आलेले पाणी पुढे का रेंगाळते, हे त्या आकड्यांत आहे. मग हवामान खात्याची नोंद पाहावी: त्या 22-23 जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. मग स्टेलॅरियम हे आकाशदर्शनाचे विनामूल्य संकेतस्थळ उघडून तारीख मागे न्यावी, म्हणजे त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण होता, पौर्णिमा दोन दिवसांवर होती, आणि म्हणून खाडीतली भरती मोठी होती, हे मूल आपल्या डोळ्यांनी पाहील. डोंगर, पाऊस आणि चंद्र या तिघांचा जबाब घेतल्यावाचून पुराचे उत्तर पुरे होत नाही. नदीपात्रातल्या गाळाची गोष्ट मग त्याने पेठेतल्या जुन्या दुकानदाराकडून ऐकावी. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाचा खेळ कोणी करू नये; परंतु जमिनीला पडणारी भेग, कलू लागलेले झाड, झऱ्याचे अचानक गढूळलेले पाणी या खुणा ओळखता येतात की नाही, हे पोलादपूरच्या प्रत्येक वाडीतल्या मुलाला दर पावसाळ्यापूर्वी विचारले गेलेच पाहिजे.

जगातले चांगले खेळ अवश्य खेळावेत. 2013 साली सुरू झालेला जिओगेसर रस्त्याचे एक छायाचित्र दाखवून ‘हे पृथ्वीवर कोठे?’ असे विचारतो, आणि माती, झाडे, पाट्या, सावलीची दिशा यांवरून तर्क करावयास लावतो. याच नमुन्यावर आपल्या घाटांतली छायाचित्रे लावून काशेडी कोणता आणि आंबेनळी कोणता, एवढे जरी विचारले तरी तास रंगेल. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली आरंभलेल्या फेट प्रकल्पातील विज्ञानाचे प्रयोग तर मराठीतही उपलब्ध आहेत, आणि ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात. डोंगराआड जेथे रेंज पोहोचत नाही अशा शाळांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मात्र ‘तुमचा स्वभाव कोणत्या फुलासारखा’ असल्या चाचण्यांपासून मुलांना दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फेसबुकवरील अशाच एका स्वभावचाचणीच्या द्वारे केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे जगभरातील सुमारे 8 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली असावी, असे 2018 साली खुद्द फेसबुकने कबूल केले. भारतात ती चाचणी घेणारे अवघे 335 होते, आणि त्यांच्या ओळखीपाळखीतून संभवतः बाधित झालेले भारतीय 5 लाख 62 हजार. ज्या प्रश्नाला बरोबर उत्तरच नसते, तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराखेरीज दुसरेच काही हवे असते.

आपली प्रश्नमंजुषा आपणच करावयाची तर सामग्रीचा तुटवडा नाही. महाडजवळच्या नाते गावी 14 जानेवारी 1896 रोजी जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे विचारून थांबू नये. केंद्रात अर्थमंत्री असताना त्यांनी 1956 साली राजीनामा कशावरून दिला, हे विचारावे, म्हणजे मुंबईचा प्रश्न आणि संयुक्त महाराष्ट्र आपोआप येतात. सिंहगडी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह मढे घाटाने पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला आणला, असे परंपरा सांगते. ती वाट नकाशावर आखून दाखवा, किती अंतर, किती चढ-उतार, किती वेळ लागला असेल, असे विचारावे. गांधारपाल्याची लेणी नदीकडे तोंड करून का, महाडच्या बंदरात पूर्वी गलबते येत ती आता का येत नाहीत, हे प्रश्नही त्याच माळेतले.

हे काम एकट्या शिक्षकांच्या माथी मारू नये. महाडची वाचनालये, महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग, गडकोट फिरणारी तरुण मंडळी आणि शक्तीतुऱ्याचे शाहीर यांनी एकत्र बसून प्रथम पन्नास प्रश्न लिहावेत, प्रत्येकाच्या उत्तरासोबत ते कोठे पाहता, मोजता किंवा विचारता येईल तेही नोंदवावे, आणि प्रमाणपत्राऐवजी मुलाला पुढचा प्रश्न द्यावा. सत्याग्रहाची शताब्दी 20 मार्च 2027 ची. त्या दिवशी महाडला येणाऱ्या लाखो माणसांच्या मोबाइलवर तळ्याच्या काठीच उघडता येईल अशी, ठरावापासून निकालापर्यंत नेणारी प्रश्नमंजुषा हजर ठेवणे या दोन तालुक्यांना सहज शक्य आहे, आणि पन्नासांतले पहिले दहा प्रश्न त्याच विषयाला द्यावेत.