परतीचे दोर

मराठीतला सर्वांत प्रसिद्ध दोर कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर एकच: कापलेला. 1670 साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर पळू लागलेल्या मावळ्यांना दोर कापल्याचे सांगून पुन्हा लढाईकडे वळवले, ही कथा आपण शाळेत ऐकतो आणि ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार पुढे आयुष्यभर कौतुकाने वापरतो. लढाईत तो शोभतो. पण जो माणूस रविवारी सकाळी दुसऱ्यांची मुले कातळावर चढवतो, त्याचे काम नेमके उलटे असते. परतीचा दोर शाबूत ठेवणे, एवढ्याचेच त्याला पैसे मिळतात. या माणसाला कोणती परीक्षा द्यायला लावायची, हा माझा विषय आहे.

मी होसकोट्यात राहतो. होस म्हणजे नवा, कोटे म्हणजे कोट. कधी काळी हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते. 1768 च्या ऑगस्टमध्ये याच परिसरात मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने रात्री छापा घातला आणि त्याला हात हलवत परतावे लागले. घोरपडे हे आडनाव कसे पडले, याची दंतकथा मराठी वाचकाला सांगायला नको: घोरपडीला दोर बांधला, ती तटाला चिकटली, वीर वर गेला. या सगळ्या कथांत वर कोण गेला ते आपल्याला पाठ असते. दोर कशाला बांधला होता, तो वजन पेलेल का हे कोणी पाहिले, आणि उतरताना काय झाले, हे कथा सांगत नाही. आपले गिर्यारोहणावरचे बरेचसे लेखनही याच चालीवर चालते.

आता रस्त्यावर या. होसकोट्याहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले की तासाभरात कोलार येते आणि गावाला लागून अंतरगंगेचा डोंगर. पश्चिमेला, बेंगळुरूच्या पलीकडे, रामनगर आणि सावनदुर्ग. शनिवार-रविवारी या सगळ्या दगडांकडे गाड्या भरून माणसे जातात. ‘प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर’ हे शब्द प्रत्येक जाहिरातीत असतात. मी अशा एका गटात दोर एकाच झुडपाला बांधून कड्याच्या धारेवरून तसाच खाली सोडलेला पाहिला आहे. धारेवर गोणपाटाचा तुकडादेखील नव्हता. वर उभा असलेला तरुण उत्तम चढणारा होता, अनवाणी पायाने झरझर वर गेला होता. त्याला कोणी फसवले असेल तर ते त्याच्याच कौशल्याने. चांगले चढता येते म्हणजे शिकवता येते, असे त्याला आणि त्याच्या मालकाला मनापासून वाटत होते.

इथूनच घोळ सुरू होतो. चढणारा स्वतःच्या शरीराचा हिशेब ठेवतो. शिकवणारा दुसऱ्याच्या शरीराचा हिशेब ठेवतो, आणि त्या दुसऱ्याला आपण काय करत आहोत याची कल्पनाही नसते. त्याने अँकर एका आधारावर न ठेवता किमान दोन स्वतंत्र आधारांवर उभारायचा, म्हणजे एक निसटला तर दुसरा पेलेल. दोराच्या टोकाला गाठ मारायची, म्हणजे खाली उतरवताना टोक बिलेच्या उपकरणातून सुटून जाणार नाही. प्रत्येक हार्नेसचे बक्कल आणि प्रत्येक गाठ स्वतः हात लावून पाहायची. नवख्याच्या हाती बिले दिली तर त्याच्या मागे आणखी एकाला दोर धरायला उभे करायचे. आणि कड्याच्या मध्यावर घाबरून थिजलेल्या मुलीपर्यंत, बाकीच्या नऊ जणांना वाऱ्यावर न सोडता, पोचायचे. यातले एकही काम चढण्याच्या कौशल्यातून आपोआप येत नाही. ते शिकावे लागते, आणि आले की नाही हे तिसऱ्या माणसाने तपासावे लागते.

मग तपासणी कुठे होते? आपल्याकडची सर्वांत रुळलेली वाट हिमालयातून जाते. दार्जिलिंगची संस्था 1954 ची, उत्तरकाशीची 1965 ची. आधी प्राथमिक अभ्यासक्रम, 28 दिवस. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर प्रगत अभ्यासक्रम, आणखी 28 दिवस. तिथेही तशीच श्रेणी आणि शिफारस मिळाली तर प्रशिक्षणपद्धतीचा अभ्यासक्रम, सुमारे तीन आठवडे. या संस्थांबद्दल मला आदरच आहे. शिस्त काय असते हे भारतीय गिर्यारोहकांच्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या. पण उत्तरकाशीचा विद्यार्थी काही दिवस टेखल्याच्या खडकावर घालवतो आणि मग पाठीवर ओझे घेऊन हिमनदीकडे निघतो. बर्फाची कुऱ्हाड, क्रॅम्पॉन, हिमभेगेतून सुटका, उंचीवरचे आजार, हे सगळे त्याला यावे लागते. कोलारच्या उन्हात पंधरा मीटरच्या कातळावर दहा शाळकरी मुलांना सांभाळणाऱ्याला यातले काय उपयोगी पडणार? जे उपयोगी पडते ते त्या अभ्यासक्रमाचा लहान भाग आहे, आणि त्याची वेगळी परीक्षा देण्याची वाट इतकी मळलेली नाही.

शिवाय हिशेब करून पाहा. प्रवास सोडून अडीच महिने. आमच्या पट्ट्यात शिफ्टची नोकरी करणाऱ्या माणसाला एवढी रजा कोण देणार? मला मिळालेली नाही. अंतरगंगेच्या पायथ्याच्या गावातल्या पोराला तर हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. म्हणजे ज्याला दगडाची नाडी ठाऊक आहे तो प्रमाणपत्राबाहेर राहतो, आणि प्रमाणपत्र असलेल्याला हा दगड ठाऊक असेलच असे नाही.

कारण दगड दगडासारखा नसतो. बेंगळुरूच्या आसपासचा ग्रॅनाइट गोल, गुळगुळीत, भेगा कमी. इथे हाताने धरायला फारसे मिळत नाही, तळव्याच्या घर्षणावर उभे राहावे लागते. माथ्यावर दोर बांधायला झाड नाही, भेग नाही. बोल्ट असतील तर ते, नाहीतर धोंड्याला फास. उन्हाने पापुद्रे सुटतात आणि वरून भक्कम दिसणारी कपची आतून पोकळ वाजते. सह्याद्रीचा बेसॉल्ट निराळा. थराथरांचा, सुटा, गवताळ, पावसाळ्यात निसरडा. तिथे सुळक्यांवर जुने हाताने ठोकलेले बोल्ट गंजत असतात आणि त्यांच्यावर किती विसंबायचे हे कळणे हीच अर्धी विद्या. बदामीचा वालुकाश्म तिसऱ्याच स्वभावाचा. म्हणून खडकावर शिकवण्याची परीक्षा त्या त्या खडकावरच झाली पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये रॉक क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर ही वेगळी, मर्यादित पात्रता आहे. नोंदणी, मग थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, मग सरावाचा मोकळा काळ, आणि मगच परीक्षा. त्याआधी स्वतः पुढे राहून केलेल्या किमान 40 चढाया नोंदवहीत दाखवाव्या लागतात आणि प्रथमोपचाराचा दाखला लागतो. बर्फावर चढल्याचा पुरावा कोणी मागत नाही. आणि ही पात्रता एका दोरलांबीच्या कड्यापुरतीच चालते. कुठे थांबायचे हे त्या कागदावरच लिहिलेले असते. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडचे प्रमाणपत्र माणसाने काय केले ते सांगते, त्याने काय करू नये ते सांगत नाही.

पण परदेशी परीक्षा जशीच्या तशी आणावी असेही मी म्हणणार नाही, आणि याचे कारण या अंकाच्या वाचकांना इतरांपेक्षा लवकर पटेल. दोरावरचे आयुष्य चार-पाच शब्दांवर चालते. इंग्रजीत ते शब्द ठरलेले आहेत: स्लॅक म्हणजे दोर ढिला कर, टेक म्हणजे ताणून धर. मराठीत घाबरलेला माणूस ‘घे’ म्हणून ओरडतो. दोर आत घे, की हा माझा हात घे? आपण वस्तू देतानाही ‘घे’च म्हणतो. ‘सोड’ तर त्याहून वाईट. दोर थोडा सोड, मला खाली सोड, की पकड सोड? कन्नडमधल्या ‘बिडु’चीही तीच गत. आमच्या भागात एका दोराला मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी माणसे एकत्र असतात आणि इन्स्ट्रक्टर सगळ्यांना इंग्रजी शब्द एकदा ऐकवून मोकळा होतो. वीस फुटांवर भीतीने घसा कोरडा पडला की माणूस पाठ केलेल्या भाषेत बोलत नाही, घरच्या भाषेत ओरडतो. तेव्हा खालच्याला काय कळले यावर जीव असतो.

म्हणून परीक्षेत हेही तपासले पाहिजे: चढण्याआधी सगळ्यांनी मिळून शब्द ठरवले का, ते शिकणाऱ्याच्या तोंडून वदवून घेतले का, ‘ढील’ आणि ‘ताण’ यांसारखे कानाला वेगळे लागणारे शब्द निवडले का. भाषेचा प्रश्न साहित्य संमेलनाच्या मांडवात जेवढा खरा आहे त्याहून तो इथे जास्त खरा आहे.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला सह्याद्रीतल्या जुन्या मंडळींचा: आम्ही कोणत्या प्रमाणपत्रावर सुळके चढलो? बरोबर आहे. पण तुमच्या मागे क्लब होते. गिरिविहारसारखी 1954 पासूनची संस्था असो की गावोगावची छोटी मंडळे, तिथे नवख्याला वर्ष-दोन वर्षे कोणीतरी पाहत असे. त्याने आधी दोर वाहिले, गाठी मारल्या, शिव्या खाल्ल्या, मग कुठे त्याच्या हाती माणूस दिला. ती परीक्षाच होती, फक्त कागदावर नव्हती. आजच्या शनिवार-रविवारच्या व्यवसायाने तो क्लब काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. नोंदवही आणि परीक्षक ही त्या म्हाताऱ्या डोळ्यांची लेखी जागा आहे.

दुसरा आक्षेप: प्रमाणपत्र आले की सरकार येते, आणि सरकार आले की डोंगर बंद होतो. ही भीती खोटी नाही. पण 2012 साली रामनगरचा रामदेवरबेट्ट गिधाडांसाठी अभयारण्य झाला आणि तिथला कातळ बंद झाला, ते योग्यच झाले. घरट्याशेजारून दोर टाकू नये हे ज्याला सांगावे लागते त्याने शिकवूच नये. आपली बाजू मांडायला, आपण जबाबदार आहोत हे दाखवायला आपल्याकडे काही नसेल, तर प्रत्येक अपघातानंतर उरलेले दगडही बंद होतील. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले, आयोजकांच्या नोंदणीची सोय केली. चांगलेच झाले. पण दोर आयोजक धरत नाही, माणूस धरतो.

मागणी साधी आहे. कर्नाटकात जनरल तिमय्यांच्या नावाची राज्याची साहस अकादमी आहे, महाराष्ट्रात अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आहे. त्यांनी अनुभवी प्रस्तरारोहकांना घेऊन एका दोरलांबीच्या नैसर्गिक खडकापुरते प्रमाणपत्र ठरवावे. प्रशिक्षण सुटीच्या दिवसांत तुकड्यातुकड्याने व्हावे. परीक्षा त्या भागातल्या खडकावर, खऱ्या नवख्यांना घेऊन, कन्नड किंवा मराठीत देता यावी. फी गावातल्या पोराला परवडेल एवढी असावी आणि काही वर्षांनी फेरतपासणी व्हावी. तोवर पालकांनी एवढे करावे: मुलाला गाडीत बसवण्याआधी, तुम्हाला कोणी, कोणत्या खडकावर तपासले, असे इन्स्ट्रक्टरला विचारावे. उत्तरादाखल हिमशिखराचा फोटो दाखवला गेला, तर मुलाला गाडीतून उतरवून घ्यावे.