साहेब बदलले की ठाणे बदलते

लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये पोलीस आयोग नेमला, तेव्हा अध्यक्षपद दिले ते नागपुरातून मध्य प्रांताचा कारभार हाकलेल्या सर अँड्र्यू फ्रेझर यांना. पोलीस अकार्यक्षम आहेत, लोक त्यांना भ्रष्ट आणि जाचक समजतात, असे आयोगाने बिनदिक्कत लिहिले. कारणांत अपुरे प्रशिक्षण होते, तशीच वरिष्ठांची ढिली देखरेखही.

सव्वाशे वर्षांनी ठाण्यात गेलात तर आधी काय विचारतात? ‘हद्द कोणती?’ मग दखलपात्र तक्रारीचीही एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून बोळवण. शिपाई जात्याच उर्मट असतो म्हणून हे होते, असे मला वाटत नाही. क्राईम मीटिंगमध्ये गुन्ह्यांचा आकडा वाढलेला दिसला की ठाणेदाराला बोलणी खावी लागतात, आणि तो तीच खाली उतरवतो. रजा नामंजूर झालेला, बंदोबस्तावरून थेट टेबलावर आलेला अंमलदार समोरच्या बाईचे किती ऐकणार?

न ऐकल्याचे परिणाम नागपूरने पाहिले आहेत. तिथल्या कस्तुरबानगर वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षे गुंड अक्कू यादवविरुद्ध तक्रारी करत होत्या. पोलीस त्यालाच सामील आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १३ ऑगस्ट २००४ ला जमावाने त्याला नागपूरच्या न्यायालयातच ठार केले. खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. त्याआधी, २३ नोव्हेंबर १९९४ ला, नागपुरातच विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात ११४ जीव चेंगरून गेले. अधिवेशनाला झळ लागू नये, हेच तिथल्या बंदोबस्ताचे यश मानले जात होते. दिवसभर ताटकळलेल्यांचे निवेदन कुणी घ्यावे, हे कुणाच्याच ड्युटीत नव्हते.

उलटेही घडते. २०१७ मध्ये आयुक्त के. व्यंकटेशम यांच्या काळात नागपुरात भरोसा सेल सुरू झाला. पीडित बाईला समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि पोलीस मदत एकाच छताखाली मिळू लागली. ते पुण्याला गेले, तसा तिथेही भरोसा सेल निघाला. कौतुक आहेच, पण कल्पना साहेबांच्या बदलीबरोबर प्रवास करते, याची धास्तीही वाटते. (संपर्क तुटलेल्या चांद्रयानाच्या विक्रम लँडरला ‘सिग्नल तोडल्याचे चलान करणार नाही’ म्हणणारे नागपूर पोलिसांचे २०१९ चे ट्विट देशभर गाजले. तो खेळकरपणा ठाण्याच्या टेबलावर का उतरत नाही?)

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून तो दिला आणि मुदतीआधी बदली करण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवली. त्यामुळे पुढचे आयुक्त कोण, याच्या पैजा शहरात लागतात. ठाणे अंमलदाराला तक्रार ऐकायला कोण शिकवते, हे विधानभवनातही कुणी विचारत नाही.