स्वयंसेवकांचा बंदोबस्त

१९६९ साली पु. शि. रेगे यांच्या आणि २०२३ साली न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ज्या वर्ध्यात भरले, त्या वर्ध्याने मोठ्या मेळाव्यांच्या व्यवस्थेविषयी चार शब्द बोलावेत, हे अप्रस्तुत ठरू नये. मंडप, भोजन आणि निवास यांचे अंदाजपत्रक पै-पैच्या हिशेबाने सिद्ध होते. परंतु ज्यांच्या खांद्यावर हा सारा डोलारा पेलावयाचा, ते स्वयंसेवक मात्र आयत्या वेळी जवळच्या महाविद्यालयांतून मागवून, छातीवर बिल्ला लावून उभे करावयाचे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे.

१९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये एका स्वयंसेवकाला सांगितलेले काम तो दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर ढकलीत असे, आणि शौचकूपांची घाण काही हटत नसे, हे पाहून गांधीजींनी स्वतःच झाडू हाती घेतला. त्या तरुणांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते, अमुक काम अमक्याचे असे कोणी मुक्रर केले नाही, की उत्साही माणसेही अशीच वागतात.

पुढे सेवाग्रामी वास्तव्य असताना, १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी त्याच गांधीजींनी, देशभर हजारो माणसे तुरुंगात जाण्यास उत्सुक असतानाही, सूतकताई आणि अहिंसेवरील निष्ठा यांच्या कसोटीवर एकेक नाव पारखले, आणि १७ ऑक्टोबर रोजी पवनारला विनोबा भावे यांच्यापासून आरंभ केला.

संमेलन म्हणजे सत्याग्रह नव्हे, तेथे संख्याही लागते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि संख्या मोठी असली, तर व्यवस्था अधिकच काटेकोर हवी: प्रत्येक तुकडीस एकच प्रमुख, प्रत्येकाच्या हाती कामाची लेखी याद, ठरलेल्या वेळी पाळीबदल, वेळेवर जेवण, आणि किरकोळ बाबतीत जागच्या जागी निर्णय घेण्याचा अखत्यार. विनावेतन काम करणाऱ्यास जाब विचारू नये, ही समजूत जितकी चुकीची, तितकीच त्यास फुकटचा मजूर लेखण्याची वृत्ती निंद्य होय.

म्हणून यापुढे कोणत्याही स्वागत समितीने वर्गणीची पहिली पावती फाडण्यापूर्वी स्वयंसेवकप्रमुख नेमावा, आणि समारोपानंतरच्या अहवालात जमाखर्चाइतकीच जागा या तरुणांच्या अनुभवांस आणि तक्रारींस द्यावी.