खोटा शिक्का आणि खरें कसब

हल्लीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द मोठ्या निर्धास्तपणें वावरूं लागला आहे. बड्या परदेशी पेढीचा शिक्का मिरविणारी पिशवी मूळ किंमतीच्या अल्पशा अंशांत मिळते. ती खोटी आहे हें विकणारास ठाऊक असतें, घेणारासही ठाऊक असतें. ठाऊक नसावें अशी अपेक्षा असते ती केवळ पाहणाराकडून! अलीकडे ह्या व्यवहारास एक नवा वकील लाभला आहे. त्याचें म्हणणें असें कीं, अशा पिशवीवर हातानें रंगकाम केलें, भरतकाम केलें, म्हणजे ती नक्कल उरत नाहीं. ती कलाकृति होते. युक्तिवाद गोड आहे. म्हणूनच तो तपासून पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ह्या पक्षाचा बिनीचा साक्षीदार म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील डॅनियल डे, ऊर्फ डॅपर डॅन. ह्या गृहस्थानें 1982 सालीं तेथील 125 व्या रस्त्यावर दुकान घातलें. चामड्यावर छपाई करण्याची विद्या त्यानें स्वतःच हस्तगत केली, आणि गुची, फेंडी, लुई व्हितों यांच्या मुद्रा उठविलेले कोट व जाकिटें त्याच्या दुकानांतून बाहेर पडूं लागलीं. पेढ्यांनीं कायद्याचा बडगा उगारला व 1992 सालीं दुकान बंद पडलें. परंतु 2017 सालीं खुद्द गुचीनें एक जाकीट लोकांपुढें मांडलें, आणि तें डॅननें पूर्वीं धावपटू डायेन डिक्सन हिच्यासाठीं शिवलेल्या जाकिटाशीं इतकें जुळतें निघालें कीं, मोठा गवगवा झाला. मूळ धनीच नकलाकाराची नक्कल करूं लागला! अखेर गुचीनें त्याच्याशीं सहकार्य केलें, व 2018 सालीं हार्लेममध्यें त्याची कार्यशाळा पुनः उघडली.

साक्षीदार खरा, पण तो साक्ष कोणाची देतो? डॅनकडे येणारें गिऱ्हाईक डॅनचें काम घेण्यासाठींच येई. तसले कोट त्या पेढ्या मुळीं करीतच नसत. मुद्रा परक्या होत्या, त्या वापरण्याचा हक्क त्यास नव्हता, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु मुद्रा पुसून टाकल्या तरी त्याचें कसब शिल्लक राहत होतें. आमची कसोटी हीच आहे. तुमच्या रंगविलेल्या पिशवीवरील शिक्का खरवडून काढा, आणि मग तिला कोण किती पैसे देतो तें पाहा. कोणी देत असेल, तर खोट्या शिक्क्याची तुम्हांस गरज नव्हती. कोणी देत नसेल, तर विकत होतां तें खोटेंच होतें. दोन्ही पक्षीं शिक्का निरुत्तर होतो.

कायद्याची गोष्ट निराळी. आपल्याकडील 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वयें खोटें चिन्ह लावणारास व तसा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. घेणारा बहुधा सुटतो. पण म्हणून त्याची लाज सुटूं नये.

जून 2025 मध्यें मिलान येथें प्राडानें कोल्हापुरी वळणाच्या चपला कोल्हापूरचें नांव न घेतां मांडल्या, तेव्हां आपण सारे संतापलों, आणि तें योग्यच झालें. ह्या चपलेस 2019 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ओरड झाल्यावर त्या पेढीलाही मूळ कारागिरीचा उल्लेख करावा लागला. आपलें म्हणणें तेव्हां काय होतें? ज्याचें काम, त्याचें नांव. तेंच म्हणणें खांद्यावर खोटी पिशवी अडकवून कसें करतां येईल? पेढी धनाढ्य आहे म्हणून तिचें नांव लुबाडणें पुण्य ठरत नाहीं, आणि कारागीर गरीब आहे म्हणून त्याचें नांव गाळणें क्षम्य ठरत नाहीं.

ज्यांच्या हातांत खरोखर कला आहे त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, साधें चामडें घ्या, त्यावर मनसोक्त रंग भरा, आणि खालीं आपलें नांव घाला. आणि वाचकांनीं तें नांव विचारून, योग्य मोल देऊन ती वस्तु घ्यावी. परक्या नांवाच्या सावलींत राबणाऱ्या हातास स्वतःचें नांव कधींच मिळत नाहीं.