चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांची शाई

दारात घोडा बांधायचा तर आधी त्याच्या चंदीचा हिशेब करावा लागतो. घोडा एकदाच विकत घ्यायचा असतो, चंदी मात्र रोज लागते. हा साधा व्यवहार आपल्या आजी-पणजीला कळत होता. पण घरात प्रिंटर आणताना शिकली-सवरलेली माणसेही तो विसरतात. दुकानात चार हजारांचे आणि बारा हजारांचे यंत्र शेजारी शेजारी मांडलेले असते. आपण चार हजारांचे उचलतो आणि आठ हजार वाचले म्हणून खुशीत घरी येतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो.

रत्नागिरीला छपाई नवी नाही. एकोणिसाव्या शतकातच इथे जगन्मित्र छापखाना चालत होता, आणि छापील अक्षराची ताकद देशाला दाखवणारे लोकमान्य टिळक १८५६ साली इथेच जन्मले. आता तोच छापखाना आकसून घराच्या टेबलावर आला आहे. २०२० साली शाळा घरात शिरली तेव्हापासून मुलांचे प्रकल्प आणि स्वाध्याय छापणे हे पालकांचे काम झाले. डिजिटल सहीचा सातबारा संगणकावर मिळतो. पण कोकणातला सातबारा म्हणजे सहहिस्सेदारांची जत्रा, दोन गुंठ्यांना पाच-सहा पाने! त्यात भरती परीक्षांची प्रवेशपत्रे, गणपतीतल्या आरत्या, आंब्याच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या. गरज खरी आहे. प्रश्न आहे तो ती किती पैशांत भागवायची, हा.

स्वस्त प्रिंटरमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. यंत्र जवळजवळ पदरमोड करून विकायचे आणि नफा शाईवर काढायचा, असा हा धंदा आहे. दाढीचे यंत्र स्वस्त आणि पाती महाग, हीच ती युक्ती. म्हणून प्रिंटरची किंमत विचारण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत : शाईची नळकांडी, म्हणजे कार्ट्रिज, केवढ्याला आणि तिच्यात किती पाने निघतात? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की एका पानाची शाई हाती लागते. पानांचा आकडा साधारण पाच टक्के कागद शाईने भरेल असे धरून काढलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे. मुलाने पानभर निळे आकाश छापले की तो आकडा कोसळतो.

समजा, कार्ट्रिज ९०० रुपयांची आणि पाने निघतात २००. म्हणजे शाई साडेचार रुपये, वर कागद साठ पैसे. पान पडले पाच रुपये दहा पैशांना. नाक्यावरचा झेरॉक्सवाला तेच पान पाच रुपयांत छापून देत असेल, तर हे यंत्र जन्मात फिटणार नाही! उलट, शाईची टाकी असलेल्या प्रिंटरला ४५० रुपयांची काळ्या शाईची बाटली लागते आणि तीत साडेचार हजार पाने निघतात असे धरा. शाई दहा पैसे, कागद साठ पैसे. प्रत्येक पानामागे चार रुपये तीस पैसे वाचले. बारा हजारांचे यंत्र सुमारे दोन हजार आठशे पानांत फिटते. महिन्याला शंभर पाने लागत असतील तर सव्वादोन-अडीच वर्षांत. तीसच लागत असतील तर पावणेआठ वर्षांनी, आणि तोवर यंत्र टिकले तर. दर आपापल्या गावचे घाला, रीत हीच.

यातून माझे मत सरळ आहे. महिन्याला तीस-चाळीस पानांपेक्षा कमी काम असेल तर प्रिंटर घेऊच नये. नाक्यावर जाण्यात कमीपणा नाही. त्या दुकानदाराचेही पोट त्यावर आहे. शंभराच्या पुढे काम असेल आणि रंग हवा असेल, तर टाकीचा प्रिंटर. फक्त काळी अक्षरे हवी असतील, तर काळा लेझर.

लेझरची शिफारस आपल्याकडे आणखी एका कारणासाठी करतो. कोकणातली कितीतरी घरे महिनोन् महिने बंद असतात. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात तेवढीच उघडतात. शाईच्या प्रिंटरची छिद्रे केसाहून बारीक. यंत्र पडून राहिले की शाई त्यांतच वाळते, आणि ती मोकळी करायला पुन्हा शाईच खर्ची पडते. लेझरमध्ये असते कोरडी भुकटी. ती वाळणार कशी? मात्र ती कागदावर वितळवून बसवायला यंत्र एकदम मोठी वीज ओढते, तेव्हा घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लेझर लावू नये.

शाईचा प्रिंटर असेल तर आठवड्याला एखादे रंगीत पान काढावे, आणि तो यंत्राच्याच बटणाने बंद करावा. भिंतीवरचे बटण परस्पर बंद केले तर छिद्रांवर झाकण बसण्याआधीच यंत्र थांबू शकते. साधे काम मसुद्याच्या प्रतीत, काळ्या रंगात आणि पाठपोट छापावे. राहिला कागद. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात मृगापासून कागद ओलावा धरतो, वाकतो आणि यंत्रात अडकतो. आगोटीला पापड-कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, तसाच कागदही ठेवावा. लागतील तेवढीच पाने बाहेर काढावीत.

इथपर्यंत आपल्या हातचे झाले. पुढचा प्रश्न हक्काचा आहे. अनेक कार्ट्रिजवर एक चिप असते. परकी शाई दिसली की यंत्र संप पुकारते. विकत घेतलेल्या यंत्रात कोणती शाई घालायची हे कंपनीने का ठरवावे? हलकी शाई छिद्रे बुजवते, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण तो धोका पत्करायचा की नाही, हे मालकाने ठरवायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्कच्या खटल्यात सांगितले, की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० साली एचपीला एक कोटी युरोचा दंड केला. परक्या कार्ट्रिजवरील निर्बंधांची ग्राहकांना नीट कल्पना दिली नाही, हे त्याचे एक कारण होते. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. चर्चा सुरू झाली हे चांगलेच. पण ग्राहकाच्या हाती काहीतरी पडायला हवे.

ते काय असावे? फ्रिजवर २००६ पासून विजेचे तारे आले आणि घरची बाई दुकानात तारे मोजू लागली. तसाच प्रिंटरच्या खोक्यावर ठळक मराठीत एका पानाचा खर्च छापणे सक्तीचे करा. परकी शाई चालते की नाही, तेही लिहा. मग चार हजारांचे यंत्र कोण आणि किती खुशीने घेतो, ते दिसेल.

आणि तोवर? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी करण्याचा धडा घालून देत आहे. तोच इथेही गिरवता येईल. वाडीतल्या किंवा इमारतीतल्या पाच घरांनी मिळून टाकीचा एक प्रिंटर घ्यावा, शेजारी वही ठेवावी आणि पानामागे रुपया जमा करावा. एकेका घराला न परवडणारे यंत्र पाच घरांत पुष्कळ लवकर फिटते. शिवाय ते पडून राहत नाही, त्यामुळे शाईही वाळत नाही. ज्या घरात संगणकही नाही, तिथल्या मुलाचा प्रकल्पही मग इतरांइतकाच नेटका छापून शाळेत जाईल.