सकाळी दहाचा अपडेट

जव्हार-मोखाड्यातल्या केंद्रचालकांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी शटर उघडले, संगणक सुरू केला, बाहेर माणसे उभी, आणि मशीन काही केल्या हलत नाही. खाली कोपऱ्यात अँटिव्हायरसचा अपडेट चालू असतो. यावर दोन सल्ले मिळतात. एक, मशीन जुने झाले, नवे घ्या. दोन, अँटिव्हायरस काढून टाका, पळायला लागेल. पहिला सल्ला खिशाला परवडत नाही आणि दुसरा धोक्याचा आहे. मला वाटते, दोष मशीनच्या वयात आहे तितकाच त्याच्या वेळापत्रकात आहे, आणि वेळापत्रक आपल्याला बदलता येते.

आधी आत काय चालते ते पाहू. अँटिव्हायरसजवळ घातक प्रोग्रामच्या ओळखखुणांची यादी असते. तिलाच डेफिनिशन म्हणतात. नवे व्हायरस रोज येतात, म्हणून ही यादीही रोज, काही कंपन्यांची तर दिवसातून अनेकदा बदलते. ती उतरवून घ्यायची, उलगडायची, मेमरीत बसवायची, आणि कालपर्यंत निर्धोक ठरलेल्या फायली नव्या यादीशी पुन्हा ताडून पाहायच्या, एवढे हे काम आहे. नव्या मशीनला ते जाणवतही नाही. जुन्या मशीनमध्ये मात्र फिरती हार्ड डिस्क असते. तिला सेकंदाला शंभरेक ठिकाणचेच वाचता येते. एसएसडीला हजारो ठिकाणचे. त्यात रॅम दोन नाहीतर चार जीबी. ती भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच बिचाऱ्या डिस्कवर ठेवते. घरातल्या एकट्या बाईने दळण आणायचे, पाणी भरायचे आणि पाहुण्यांना चहाही द्यायचा, तशी त्या डिस्कची गत होते.

पण हे नेमके सकाळीच का? विंडोज १० ची स्वयंचलित देखभाल मूळ मांडणीत रात्री दोनला लावलेली असते. ही वेळ ज्याने ठरवली, त्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर चालू राहणारे मशीन होते. आपल्याकडे दुकान बंद करताना माणूस मेन स्विच पाडून घरी जातो. पावसाळ्यात विजा कडाडतात, विजेचा दाब वर-खाली होतो, आणि बोर्ड जळला तर महिन्याची कमाई गेली. त्याचे वागणे शहाणपणाचेच आहे. पण रात्रीचे राहिलेले काम सकाळी मशीन सुरू होताच अंगावर येते. सोमवारी तर दोन दिवसांचे. त्यात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर अपडेट रेंगाळतो आणि शासनाचे पोर्टल उघडायला लागणारा डेटाही तोच खातो.

यात केंद्रचालकाची चिडचिड होते, पण खरी किंमत रांगेतला माणूस मोजतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वनहक्काचे कागद, मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, यासाठी तो पाड्यावरून चालत, मग जीपने आलेला असतो. त्या दिवसाची मजुरी त्याने सोडलेली असते. "उद्या या" हे दोन शब्द त्याला आणखी एका दिवसाच्या मजुरीला पडतात. अर्ज आदिवासी विद्यार्थ्याचा असो की अल्पसंख्याक विद्यार्थ्याचा, शेवटची तारीख कुणाच्या मशीनसाठी थांबत नाही.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. चांगला कायदा आहे. पण त्यातले घड्याळ परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून चालू होते. मशीन अडले म्हणून अर्जच गेला नाही, तर तो वाया गेलेला दिवस कुठल्याही नोंदवहीत येत नाही. आपल्या भागातला विलंब असा कागदावर येण्याआधीच घडून जातो.

मग अँटिव्हायरस काढून का टाकू नये? कारण ज्या मशीनवर दहा गावांचे पेन ड्राइव्ह लागतात, आधार आणि बँक पासबुक स्कॅन होते, अंगठा लावून पैसे निघतात, ते मशीन उघडे ठेवणे म्हणजे लोकांची अमानत रस्त्यावर ठेवणे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अपडेट टाळणाऱ्यांना त्याचा जास्त फटका बसला.

म्हणून उपाय मधला शोधायला हवा. एका मशीनवर एकच अँटिव्हायरस ठेवावा. दोन असले की दोघे एकमेकांच्या कामात पाय घालतात. पूर्ण स्कॅनची वेळ रात्री दोनऐवजी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावावी. स्कॅनने प्रोसेसरची किती ताकद घ्यायची ही मर्यादा विंडोजच्या डिफेंडरमध्ये मुळात पन्नास टक्के असते. जाणकाराकडून ती कमी करून घेता येते. डेफिनिशनची फाइल वेगळीही उतरवता येते, म्हणजे चार केंद्रांनी चारदा डेटा जाळण्याऐवजी एकाने उतरवावी आणि तपासलेल्या पेन ड्राइव्हने इतरांनी न्यावी. आणि पैसे जमतील तेव्हा आधी एसएसडी बसवावी. नव्या मशीनच्या किमतीच्या छोट्याशा भागात जुने मशीन ओळखू येणार नाही इतके बदलते.

हे सगळे चालकावर टाकून मोकळे होणे मात्र मला मान्य नाही. शासनाने दाखले ऑनलाइन केले, त्यामुळे सरकारी दाराचा उंबरठा आता या खासगी, जुन्या मशीनवर येऊन ठेपला आहे. त्या उंबरठ्याची डागडुजी कुणाची? संगणक वाटपाचे फोटो छापून येतात. तीन वर्षांनी त्याच संगणकात रॅम टाकायला निधी आहे का, हे कुणी विचारत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या याद्या २०२८ पर्यंत येत राहतील असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे, पण विंडोजमधली नवी भोके बुजवण्याचे काम यादी करत नाही. आणि विंडोज ११ अनेक जुन्या मशीनना दारातही उभे करत नाही. हा प्रश्न प्रत्येक केंद्राने आपापल्या खिशातून सोडवायचा, हे धोरण होऊ शकत नाही. जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तालुक्याला तहसील आहे. वर्षातून दोनदा एक तंत्रज्ञ या केंद्रांतून फिरवणे काही मोठी योजना मागत नाही.

पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी क्विक हील उभे केले, ते संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून. गिऱ्हाइकाचे मशीन त्यांनी उघडून पाहिलेले होते. आज अपडेटची वेळ आणि त्याचे वजन ठरवणाऱ्यांनी, मग ते कंपनीतले असोत की मंत्रालयातले, एकदा सोमवारी सकाळी दहा वाजता मोखाड्याच्या एखाद्या मशीनसमोर बसून पाहावे. ते येईपर्यंत आपण निदान स्कॅनची वेळ दुपारी दीडची करून ठेवू.